कापायची राहिलेली छत्री

उस्ताद, तुमच्या तिरडीची एक गाठ सैल होती. पायाकडची, डाव्या बाजूची. ओसरीवर बायका रडत होत्या, मी अंगणात उभी होते, आणि माझी नजर तुमच्या चेहऱ्याकडे जायच्या आधी दोरीकडे गेली. तुमचा पुतण्या दिनेश जवळ होता. त्याला विचारलं, "ही कोणी तपासली?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, आता तरी राहू द्या ना," म्हणाला. मी राहू दिलं नाही. बाईमाणसानं तिरडीजवळ काय करायचं, अशी मागे कुजबुज झाली, ती होऊ दिली. शेवटी दिनेशनं गाठ सोडली, पुन्हा बांधली, मी ओढून पाहिली आणि मग तुम्हाला उचललं. बांधणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हा तुमचा नियम तेवढा पाळला गेला.

परवा तेरवीही झाली. सगळे विचारतात, रडलीस का? नाही रडले. कानात कापसाचे बोळे घातल्यासारखं झालंय. माणसं बोलतात ते ऐकू येतं, पण लांबून. मी शाळेत जाते, मुलांना कवायत देते, घरी येऊन भाजी चिरते. मध्येच आठवतं की उस्ताद गेले. मग मी पुढची भाजी चिरते.

हेडमास्तरांनी विचारलं, "कोण लागत होते तुमचे?" मी म्हटलं, "उस्ताद." तर ते म्हणाले, "अरे वा, तबला शिकत होतात का?" तुम्ही असता तर चहा सांडेपर्यंत हसला असता. मी त्यांना सांगितलं की फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तुम्ही तिथे जवानांना विमानातून उडी मारायला शिकवत होता, आणि निवृत्त होऊन मारेगावाजवळच्या आपल्या गावी आलात, कपाशी-तुरीच्या वावरात रमाल असं घरच्यांना वाटलं, तर तुम्ही यवतमाळच्या धावपट्टीवर पोरापोरींना गोळा करून उड्या शिकवायला लागलात. गावात पॅराशूटला छत्री म्हणत, म्हणून तुम्हाला सगळे छत्रीवाले म्हणायचे. हेडमास्तर म्हणाले, "आणि तुम्ही पण उड्या मारायचात?" मी त्यांच्याच शाळेत खेळाची मास्तरीण आहे इतकी वर्षं, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. एका परीनं बरंच आहे ते.

आमच्या वणीत बाबा कोळशाच्या खाणीत. ते रोज जमिनीखाली जायचे आणि त्यांची मुलगी कॉलेजातल्या छात्रसेनेच्या शिबिरात आभाळातून एकदा उडी मारून आली, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. आई म्हणायची, "घरात एक जण सरळ जमिनीवर चालून नाही राह्यला." तुमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं होतं, आता नुसत्या उड्या. तुम्ही पहिला पूर्ण महिना मला झाडू दिलात.

कापसातली सरकी काढायच्या त्या जुन्या जिनिंगच्या गोदामाची फरशी झाडायला. कापसाची ती वर्षं वाईट होती, जिनिंगा एकामागून एक बंद पडत होत्या, आणि वणी रोडवरचं ते लांबलचक गोदाम छत्र्या पसरून घडी घालायला आपल्याला मिळालं होतं. कोपऱ्याकोपऱ्यात जुनी रुई, सरकीचे दाणे, गंजकी तार. "एक दाणा जरी घडीत गेला ना, तं वर गेल्यावर तो दाणा तुले इच्यारन, काहून आणलं मले इथी?" असं म्हणत तुम्ही बोटानं फरशी चाचपायचात. मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणायचे, ते आता तुम्ही गेल्यावरही सांगणार नाही.

उडीच्या दिवशी तर तुमचा छळ विचारूच नका. विमान खात्याची परवानगी, कलेक्टरांची, पोलिसांची. उडण्याआधी नागपूरला फोन, की अमुक वेळेला आमची माणसं आभाळात आहेत, तुमची विमानं लांबून न्या. धावपट्टीच्या कडेची केशरी कापडी पिशवी वाऱ्यानं आडवी झाली की उडी बंद. ढग खाली आला, बंद. गर्दीवर तर कधीच नाही. राखीव छत्रीची मुदत संपत आली असेल तर मुख्य छत्री कितीही नवी असो, माणूस जमिनीवरच. आणि शेवटी ती तपासणी. तुम्ही माझ्या पाठीवरच्या छत्रीची पिन बघायचात, छातीचा पट्टा, मग दोन्ही मांड्यांचे पट्टे, आणि खांद्यावर थाप मारून म्हणायचात, "जाय." मग स्वतः पाठ फिरवून माझ्यासमोर उभे राहायचात. माझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून उड्या मारणारा माणूस मान खाली घालून उभा राहायचा, आणि मी थाप मारल्याशिवाय हलायचा नाही. मला त्या थापेची लाज वाटायची सुरुवातीला. नंतर हात आपोआप जायचा.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात. कुठल्या तरी घरी सांत्वनाला नेते यायचे, त्यांची विमानं त्याच धावपट्टीवर उतरायची, आणि त्या दिवशी आपल्या उड्या रद्द. एकदा चहाच्या टपरीवर एक जण तोंडावर बोलला, "इथी माणसं मरून राह्यली अन् तुम्हाले आभाळातून उड्या मारायचा शौक!" मी भांडायला उठले. तुम्ही मला खाली बसवलंत आणि त्याला शांतपणे म्हणालात, "बरोबर हाय तुह्यं. म्हणून तं मी पाहून राह्यलो, का माह्या हातून ह्या जिल्ह्यातला एक बी माणूस कमी होऊ नये." तो उठला, चहाचे पैसे तुमचेही देऊन गेला. ते वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकलं होतं.

आता आपलं भांडण. ते अर्धं ठेवून तुम्ही निघून गेलात, ही तुमची वाईट सवयच होती, वाद रंगात आला की उठून गोठ्यात जायचं.

उन्हाळा लागायच्या तोंडावरचं ते शिबिर. बाहेरून विमान आलं होतं, आणि परीक्षक आले होते. त्यांच्यासमोर उडी झाली असती तर मला शिकवायचा परवाना मिळायचा होता. मग तुम्ही आणि मी मिळून इथेच कायमची शाळा काढायची, हे ठरलेलं होतं. माझी आई वणीहून नवं लुगडं नेसून आली होती. माझ्या शाळेतली मुलं आली होती. सकाळी आपण दोघं छत्र्या आणायला गोदामात गेलो, तुम्ही दारातच थांबलात आणि नाक वर केलंत. मला कसलाच वास आला नाही. खरं म्हणजे आला होता, पण तो वास आपल्याकडे त्या दिवसांत सगळीकडेच असतो. बियाण्याच्या सरकीवरची लव काढायला तेजाब, म्हणजे ॲसिड लावतात, त्याचा वास. कापसाच्या मुलखात वाढलेल्या नाकाला तो वासच वाटत नाही. कुठल्याही दुसऱ्या गावचा माणूस पहिल्याच दिवशी ओरडला असता. आपण सगळे महिनोन् महिने ये-जा करत होतो.

छत्र्यांच्या मांडणीखाली फरशीवर गोल डाग होते. तुम्ही चौकीदाराला हाक मारलीत. "काय ठेवलं होतं इथी?"

"तेजाबाचे डरम होते ना, बाप्पा, ताडपत्रीखाली झाकून. बियाण्यावाल्यानं ठेवलते. काल गेले उचलून."

"कधीपासून होते?"

"दिवाळीपासून असन. दोन-चाराईचे झाकणं बी धड नोते."

तेजाबाची वाफ लागली की छत्रीचं नायलॉन आतून कुजतं, दिसायला मात्र जसंच्या तसं राहतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. आपण एकेक छत्री उजेडात नेऊन पाहिली. कुठे डाग नाही, भोक नाही, रंग उडालेला नाही. माझी निळी छत्री तर नव्यासारखी दिसत होती.

"कापडाले काही झालं नाही, उस्ताद. पाह्यलं मी."

"मी बी पाह्यलं."

"मग फाटन का?"

"मालूम नाही."

"मग ओढून पाहू ना!"

"तू इथी ओढशीन अन् ती तिथी कुजली असन. हातानं ओढणं म्हणजे तपासणी नोहे. खणा-खणाची ओढ काट्यावर मोजा लागते. ते सामान इथी नाही."

"मालूम नाही म्हणून सारं बंद करता?"

"मालूम नाही म्हणजे नाही," तुम्ही म्हणालात आणि छत्र्या खाली ठेवल्यात.

परीक्षकांनी निर्णय तुमच्यावर सोडला. ते भले माणूस होते, पण थांबणार कुठवर? विमान संध्याकाळी निघून गेलं. मुलं माझ्याकडे बघत होती. आई लुगड्याचा पदर चाळवत एवढंच म्हणाली, "चाल, भूक लागली असन." त्यानंतर ते विमान इकडे परत आलं नाही, शिबिराला कोणी तयार झालं नाही, आणि आपली शाळा काढायची राहून गेली. मी त्यानंतर एकही उडी मारली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी ते तुम्हाला दरवेळी ऐकवायचे. दिवाळीला फराळाला आले की लाडू खाता खाता ऐकवायचे, "छत्री चांगली होती." तुम्ही चिवडा पुढे सरकवायचात. एकदा तरी म्हणायचं होतंत की मलाही वाईट वाटतं. नाही म्हणालात.

त्या छत्र्या तुम्ही त्याच दिवशी कापल्यात, असं तुम्ही मला सांगितलं होतं. तुमचा तो सगळ्यात कडक नियम. नाकारलेली छत्री अख्खी ठेवायची नाही, कारण अख्खी वस्तू दिसली की आज ना उद्या माणूस ती वापरतो. दोऱ्या गावात बैलांना बांधायला गेल्या, कापडाच्या पट्ट्यांवर तुमच्या घरी काकूंनी मिरच्या वाळवल्या. लाल, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्या. निळी कधी दिसली नाही, आणि ते माझ्या कधी ध्यानातही आलं नाही.

आता ऐका, तुमच्यामागे काय झालं ते. तुम्ही दुपारचा चहा पिऊन ओसरीवर खाटेवर बसल्या बसल्या गेलात, हे दिनेशच्या मनाला लागलं. "साऱ्या जिंदगीभर आभाळातून उड्या मारल्या माह्या काकानं, अन् गेला खाटेवर बसून," असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. वणीत कुठल्याशा पुढाऱ्याच्या सभेसाठी पत्रकं टाकायला एक हलकं विमान आलं होतं. दिनेशनं त्या वैमानिकाला गाठलं. तेरवीच्या दिवशी गावावर घिरट्या घालायच्या, वरून फुलं टाकायची आणि फुलांमागून सुजाताताई, म्हणजे मी, उडी मारणार. परवानगी कुणाची? "कोण पाह्यते, ताई, पाच मिनिटाचं काम हाय." आणि छत्री? तर तो आत गेला, तुमची लोखंडी ट्रंक ओढत आणली आणि उघडली.

निळी, उस्ताद. अख्खी. नीट घडी घातलेली, मध्ये कडुनिंबाचा पाला.

मी खाली बसले. तुम्ही मला खोटं सांगितलं होतं. सगळ्या छत्र्या कापल्या आणि माझी ठेवली. मला राग यायला हवा होता, पण तेव्हा आला नाही. त्या सगळ्या बधिर दिवसांत एकच गोष्ट मला खरी जाणवली, ती म्हणजे उडी मारावीशी वाटली. फार वाटली. काकू दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मार वं पोरी. त्याईले आवडन." दहा दिवसांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, तेवढं एकच मागितलं.

दिनेशनं छत्री अंगणात पसरली. तो आणि शेजारचा एक गडी दोन टोकांना धरून सगळ्या ताकदीनिशी ओढायला लागले. पाय रोवून, मागे वाकून. दोघंही मातीत बसले, पण कापड गेलं नाही. जागा बदलून पुन्हा ओढलं. नाही गेलं. जमलेली माणसं ओरडली, "हाव, टिकली, टिकली!" कुणी तरी टाळ्याही वाजवल्या. ज्या गोष्टीसाठी मी तुमच्याशी दिवाळी-दिवाळी भांडले, ती सगळ्या गावासमोर सिद्ध झाली. दिनेश धापा टाकत माझ्याकडे आला.

"फाटली का, ताई? नाही ना? मग?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना माझं बोलणं ऐकू आलं. "मालूम नाही."

"आता काय मालूम नाही? तुमच्यासमोर ओढली ना!"

"मालूम नाही म्हणजे नाही, दिनेश. परवानगी नाही, छत्री तपासलेली नाही. खाली सारी माणसं राहतीन. मी नाही मारत उडी."

तो खूप बोलला. काकांचं तुम्हाला काहीच वाटत नाही, असंही बोलला. बोलू दिलं. मीही एकदा असंच बोलले होते तुम्हाला, विमान उभं असताना, सगळ्यांसमोर. तेव्हा तुम्ही जिथे बघत होता तिथेच मी बघत राहिले, म्हणजे जमिनीकडे. काकू आत निघून गेल्या. मला सगळ्यात जड ते गेलं. तेरवीला विमान आलं नाही, फुलं घरातल्या फोटोला वाहिली आणि पंगती उठल्या. दिनेशनं मला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

काल दुपारी काकूंनी बोलावणं पाठवलं. गेले तर त्या ट्रंकेपाशी बसलेल्या, मांडीवर शिंप्याची मोठी कैची.

"दर दिवाळीले तू फराळ करून गेली का हे ती ट्रंक उघडत," त्या म्हणाल्या. "कैची घेऊन बसत. मी म्हणो, कापाच एकदाची. तं म्हणत, राहू दे, पोरीची हाय. अन् पुन्हा घडी घालून ठेवत." मग म्हणाल्या, "त्या दिवशी विमान गेलं ना, तं जेवले नाही. मले म्हणाले, सुजाताची उडी मले पाहाची होती."

ते मला सांगायला तुमची जीभ झिजली असती का, उस्ताद? एवढे नियमाचे पक्के आणि स्वतःचाच नियम मोडून ती ट्रंकेत लपवून ठेवलीत. आणि शेवटी झालं तेच ना? अख्खी दिसली, आणि तुमच्याच अंगणात तुमच्याच पुतण्यानं ती माझ्या पाठीला बांधायला काढली. तुमच्या मायेपायी मी मेले असते एखाद्या वेळेस. हे लिहितानासुद्धा तुमच्यावर चिडायला होतंय, आणि त्याचबरोबर असं वाटतंय की माझ्या उडीची इतकी आस दुसऱ्या कुणीच कधी धरली नाही.

"आणा ती कैची," मी काकूंना म्हटलं.

आम्ही दोघींनी ओसरीवर छत्री पसरली. त्यांनी एक टोक धरलं, मी मधल्या खणापासून सुरुवात केली. दोऱ्या आधी कापल्या, मग एकेक खण उभा कापत गेले, मग आडवा. हाताला सवय असल्यासारखं प्रत्येक ठिकाणी बोटं फिरवत होते. कापता कापता कुठे तरी कापड सुटेल, नुसत्या बोटानं उसवेल, असं वाटत होतं. तसं व्हावं असंही वाटत होतं. झालं नाही. किनारीपाशी नाही, शिवणीपाशी नाही, ज्या खणाबद्दल मला थोडी शंका होती तिथेही नाही. शेवटच्या पट्टीपर्यंत कैचीला जोर लावावा लागला, अंगठ्याला फोड आला. काकू पट्ट्या गोळा करत म्हणाल्या, "यंदा तूर वाळवाले होईन."

छत्री चांगली होती. त्या दिवशी मी उडी मारू शकले असते, उतरले असते, आई धावत आली असती. आजही न तपासलेल्या छत्रीला मी नाहीच म्हणेन, ते वेगळं. पण भांडण मी जिंकले होते, उस्ताद, तुम्ही चुकला होतात, आणि हे ऐकवल्यावर तुम्ही कसे चिवडा पुढे सरकवाल तेही मला ठाऊक होतं. ते सांगायला मी मान वर केली, तर समोर काकू होत्या. तेव्हा मला कळलं की तुम्ही गेलात.